डाव्या कोपऱ्याची मांडी

डोलवाडीत कुणाच्या घरी सुकट भाजलं हे वास येण्याआधी शेजारणीच्या तोंडून कळतं. अशा गावात राहून साईनाथ ठोंबऱ्यानं एक गोष्ट लपवली, आणि ती लपली असं त्याला सव्वा महिना वाटत राहिलं. यावरून माणूस किती भोळा ते समजून घ्यावं. त्या भोळेपणापायी त्याचा पाय मांडीपासून जायची वेळ आली, तो भाग निराळा.

खोपोलीजवळ साजगावच्या रस्त्यावरून आत वळलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या की डोलवाडी. साईनाथ तिथला. वय छत्तीस, एका कारखान्यात पॅकिंगला, घरची थोडी भातशेती. बोलायला कमी. जे काही बोलायचं ते तो कबड्डीच्या मैदानात हातांनी बोलायचा. सोळाव्या वर्षापासून तो गावच्या संघाचा डावा कोपरा. चढाईवाला आत आला की हा निम्मा वाकून, पडवीतल्या मांजरासारखा दबून बसायचा आणि घोटा धरला की सोडायचा नाही. त्याच्या लग्नात हर्षलाचा हात त्यानं असा काही धरला की भटजी म्हणाले, अहो हळू, ती काही चढाईला आलेली नाही. हर्षला हे अजून सांगते, आणि सांगताना मनगट चोळते.

संघ चालवायचा त्याचा थोरला भाऊ गजा. शिट्टी गजाची, जर्सीचा रंग गजाचा, कोण खेळणार कोण बसणार तेही गजाचं. कारखान्यातही तोच सुपरवायझर, म्हणजे साईनाथला दिवसा आणि संध्याकाळी एकच साहेब. तर यंदा गजानं देवळासमोर संघाची नावं वाचली. डावा कोपरा म्हणून नाव आलं वाघ्याचं, ज्याला अजून मिशी नीट फुटलेली नाही. साईनाथ राखीव. का, कशासाठी, एक शब्द नाही. साईनाथनंही विचारलं नाही. गुडघ्याची पट्टी काढून खिशात घातली, घरी आला, आणि संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप गुपचूप सोडला. हर्षलाला हे दुसऱ्या दिवशी पाणी भरताना बायकांकडून कळलं. नवऱ्याकडून कळण्याची तिची अपेक्षाही नव्हती.

आता कातळपाड्याविषयी सांगायला हवं. कातळपाडा म्हणजे डोलवाडीचा जुना दावेदार. एका अंतिम सामन्यातल्या एका गुणावरून दोन्ही गावांचं असं बिनसलं, की सोयरीकही होईनाशी झाली. कातळपाड्याची पोरगी कितीही देखणी असो, डोलवाडीच्या म्हाताऱ्यांना तिचा डोळा तिरपाच दिसतो. त्या कातळपाड्याचा कप्तान नवशा एके दिवशी कारखान्याच्या गेटजवळ चहाला आला आणि साईनाथच्या बाकावर बसला. कर्जतच्या बाजूला एक स्पर्धा आहे, डोलवाडीनं नाव दिलेलं नाही, आमच्या रूपेशचं बोट मोडलंय, एक सामना खेळशील काय त्याच्या नावावर, एवढंच त्यानं विचारलं. चहाचे पैसेही त्यानं साईनाथलाच द्यायला लावले. तरी साईनाथ हो म्हणाला. राखीव बसलेल्या माणसाला कुणी बोलावलं की तो गाव कुठलं ते बघत नाही.

घरी सांगितलं ओव्हरटाइम आहे. गेला, खेळला. दुसऱ्या डावात एक दांडगा चढाईला आला, साईनाथनं झेप घेतली आणि त्याचा गुडघा याच्या डाव्या मांडीत असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण घोटा सुटला नाही. कातळपाडा जिंकला. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते रूपेशच्या नावानं, आणि ते रूपेशच्याच घरी लागलं. रूपेश पाहुण्यांना सांगतो, बोट मोडलेलं असताना पकड केली म्हणून.

साईनाथ लंगडत घरी आला आणि न लंगडता आत गेला. कारखान्यात पडलो म्हणावं तर कारखान्यात गजा. शेतात पडलो म्हणावं तर शेतात त्या दिवसांत जायचं काय काम? म्हणून काहीच म्हणाला नाही. रोज न्हाणीत कडी लावून मांडीला गरम तेल रगडून रगडून चोळायचा. कबड्डीतला प्रत्येक मुका मार त्यानं असाच चोळून घालवला होता. हा काही जाईना. शिमग्याला होळीभोवती फिरताना हात सहज मांडीला लागला, तर आत कोवळ्या कैरीएवढं काहीतरी टणक.

खोपोलीच्या डॉक्टरांकडे गजाच घेऊन गेला. मोटरसायकल त्याची आणि डॉक्टरांशी बोलायचा अधिकारही त्याचाच, असं घरात ठरलेलं होतं. डॉक्टरांनी गाठ चाचपली, किती दिवस झाले विचारलं, मग विचारलं, मार वगैरे लागला होता का?

साईनाथनं समोरच्या भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहिलं. बाजूला गजा बसला होता. गजानं वर पंख्याकडे पाहिलं.

"नाय," साईनाथ म्हणाला.

डॉक्टरांनी तसं लिहिलं. त्या एका शब्दावर पुढचं सगळं गाडं चाललं. मार नाही, ताप नाही, तरणा माणूस, मांडीत खोल टणक गाठ, तीही भराभर वाढणारी. पनवेलला मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले, त्यात नीट काही उमगेना. मग सुई घालून गाठीच्या मधोमध असलेल्या मांसाचा दोऱ्याएवढा तुकडा काढला. तो तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करतात, काचेवर रंगवतात आणि दुर्बिणीखाली बघतात. रंगपंचमी झाली आणि रिपोर्ट आला. मांसातला कॅन्सर, दुर्मिळ जातीचा, हाय ग्रेड.

गौराबाईनं, म्हणजे यांच्या आईनं, ग्रेड ऐकून विचारलं, म्हणजे बरा हाय ना? नातवाला शाळेत वरचा ग्रेड मिळाल्यावर तिनं पेढे वाटले होते. गजानं रिपोर्टची घडी करून खिशात घातली, तेव्हा तिला कळलं.

डॉक्टर म्हणाले होते, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, पाय वाचवायचा प्रयत्न करतात, पण खात्री देता येणार नाही. हे वाक्य खोपोलीहून डोलवाडीपर्यंत येता येता आखडलं. गावात पोचलं ते एवढंच, की साईनाथचा पाय काढणार.

त्या दिवशी साईनाथच्या आत काहीतरी बंद पडलं. दुःख म्हणावं तर रडू येईना. भीती म्हणावी तर झोप लागायची, आणि दगडासारखी लागायची. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला असून आपला राहत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं. हर्षला बोलली की ओठ हललेले दिसायचे, मग थोड्या वेळानं शब्द पोचायचे. जेवायचा, पण काय जेवला ते सांगता यायचं नाही. एकदा हर्षलानं मुद्दाम बिनमिठाची आमटी वाढून पाहिली. त्यानं दोनदा मागून घेतली. ती चुलीपाशी जाऊन रडली, तेही त्याला दिसलं, आणि कुणीतरी रडतंय एवढंच वाटलं.

भेटायला माणसं येऊ लागली. अशा वेळी माणसं केळी आणतात आणि सोबत एकेक गोष्ट आणतात. कुणाच्या मेहुण्याचा पाय कसा गेला, कुणाच्या सासऱ्याला लाकडी पाय कसा काचायचा. चिंधीमावशीनं तर कमाल केली. तिनं साईनाथच्या दोन्ही पायांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, काढलेला पाय घरी देतात का रं? का तिथंच ठिवतात? आपल्याकडं द्यायला पायजे, माणसाचं सगळं एका जागी जळाया हवं.

"इचारून सांगतो," साईनाथ म्हणाला. अगदी गंभीरपणे. आणि मुंबईला गेल्यावर त्यानं खरंच विचारलं. तिथली नर्स त्याच्याकडे बघतच राहिली.

गजा रोज संध्याकाळी यायचा. ओटीवर बसायचा, तंबाखू मळायचा, काही न बोलता उठून जायचा. मुंबईच्या सगळ्या खेपा त्यानंच केल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरच्या रिपोर्टवर आम्ही कापत नाही. तुकड्याच्या काचा आणि तो मेणाचा ठोकळा घेऊन या, आमच्याकडच्या डॉक्टर परत बघतील. गजानं तो ठोकळा रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आत छातीशी धरून नेला. साईनाथला कुणीतरी हे सांगितलं. तो म्हणाला, बरं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारची वेळ. गौराबाई बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती, हर्षला वाळलेले कपडे घडी करत होती, साईनाथ भिंतीला टेकून होता. गजा येऊन बसला तोच त्याचा फोन वाजला. गजाचा फोन कायम स्पीकरवर. कानाला लावला की मेंदू तापतो अशी त्याची समजूत आहे, त्यामुळे त्याच्या खाजगी गोष्टी अर्ध्या डोलवाडीला पाठ आहेत.

बाई बोलत होत्या. आवाज शांत, घाई नसलेला. म्हणाल्या, "मी डॉक्टर समीक्षा कर्णिक. साईनाथ ठोंबरे यांच्या गाठीचा तुकडा माझ्याकडे आहे. पेशंट तिथे आहेत का? मला त्यांच्याशीच बोलायचंय."

गजानं फोन मध्ये ठेवला, वालांच्या सुपाशेजारी.

बाईंनी सांगितलं की काचेवर जे दिसतंय ते दिसायला कॅन्सरच आहे. पेशी दाटीनं आहेत, भराभर वाढतायत. पण त्या वाढण्याला कुठंतरी शिस्त आहे, आणि तुकड्याच्या एका टोकाला कोवळ्या हाडाच्या बारीक रेघा आहेत, त्या फार नीटस आहेत. कॅन्सर असा नीटस वागत नाही. दोन दिवस त्या तीच काच परत परत बघतायत. "तुमच्या कागदावर लिहिलंय, मार लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे का?"

गौराबाईचे हात थांबले. हर्षलाच्या हातातली घडी अर्धी राहिली.

साईनाथ वाट बघत होता. आता लाज वाटेल, छातीत धडधडेल, घसा सुकेल. काहीच आलं नाही. आतून कुणी अडवायलाच नव्हतं. खोटं बोलायलाही जोर लागतो, तेवढा त्या बधिरपणात त्याच्यात उरला नव्हता.

"लागला व्हता," तो म्हणाला. "मांडीला. कबड्डीत." आणि मग कुणी विचारलं नसताना, "कातळपाड्याकडनं खेळलो."

"कुणाकडून ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "केव्हा?"

साईनाथ आठवू लागला. त्याला दिवसच सापडेनात, सगळे एकसारखे झाले होते.

"म्हाशिवरात्रीच्या आदल्या ऐतवारी," गजा म्हणाला. "दुसऱ्या डावात. रेडरचा उजवा गुडघा बसला. डाव्या मांडीला, बाहेरच्या अंगाला."

साईनाथनं मान वळवून भावाकडे पाहिलं. गजा फोनकडे बघत होता.

मग हर्षला बोलली. "दुसऱ्या दिशी काळंनिळं पडलं व्हतं, डॉक्टर. हे झोपल्यावर मी पायलं."

"आनि रोज न्हाणीत कडी लावून त्याल चोळायचा," गौराबाई म्हणाली. "माजी त्येलाची बाटली संपवली त्यानं."

"रोज? जोरात?" बाईंनी विचारलं. पलीकडे काही लिहिल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं."

गौराबाईनं सोललेला एक वाल उचलून परत सुपात टाकला.

"आणि खोपोलीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"मी बाजूलाच बसलो व्हतो," गजा म्हणाला.

झालं होतं असं. नवशा हा काही चहाचे पैसे दुसऱ्याला द्यायला लावण्यापुरताच बेरकी नव्हता. सामना संपला त्याच संध्याकाळी त्यानं साईनाथच्या पकडीची चित्रफीत, खाली हसरी तोंडं काढून, डोलवाडीच्याच एका पोराकरवी संघाच्या ग्रुपवर टाकवली होती. सगळ्या गावानं बघितली. ग्रुप सोडलेला एकटा साईनाथ तेवढा राहिला. गजानं ती किती वेळा बघितली ते त्याचं त्याला माहीत. मग त्यानं सगळ्यांना बजावलं, त्यानं आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय कुणी चकार शब्द काढायचा नाय. तो येऊन सांगेल, मी चार शिव्या देईन, मिटेल, असा त्याचा हिशोब. आणि मला राखीव का बसवलं ते दादा येऊन सांगेल, मग मी कबूल करीन, असा साईनाथचा. दोघंही दबा धरून बसले. चढाईला कुणीच गेलं नाही. एवढं बोलघेवडं गाव, पण नेमकं या एका गोष्टीत त्यानं शब्द पाळला.

कर्णिकबाईंनी नीट समजावलं. मांसात जबर मार बसला, आत रक्त साकळलं, की कधीकधी शरीर गोंधळतं आणि मांसातच हाड घडवायला घेतं. सुरुवातीच्या दिवसांत त्या पेशी इतक्या उधळलेल्या असतात की दुर्बिणीखाली कॅन्सर वाटावा. चोळलं की आणखी उधळतात. पण ही गाठ कडेकडून आत पिकत येते. हाडाचा कॅन्सर मांसात झाला तर तो उलट, आत पिकलेला आणि कडेला कच्चा. सुई गेली ती मधोमध, सगळ्यात कच्च्या भागात.

"पहिल्या लॅबचं चुकलं असं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "मार नाही म्हटल्यावर मीही तेच लिहिलं असतं. आता मला शंका आहे, खात्री नाही. स्कॅन करू. कडेला हाडाचं कवच धरतंय का बघू."

"पाय?" हर्षलानं विचारलं.

"तोवर कुणी हात लावणार नाही. आणि चोळणं बंद."

फोन बंद झाला. गौराबाईनं पुन्हा वाल सोलायला घेतले. गजा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. तंबाखू ओटीवरच विसरला. साईनाथ भिंतीला टेकून राहिला. आनंद व्हायला हवा होता, निदान भावाचा राग तरी यायला हवा होता. त्यानं मांडीवर हात ठेवून पाहिला. गाठ होती तिथंच होती.

स्कॅनमध्ये गाठीभोवती पुसट पांढरी रेघ आली. हनुमान जयंतीनंतर पुन्हा बोलावलं, तेव्हा ती रेघ अंड्याच्या कवचासारखी पुरी झाली होती, आत मऊ, बाहेर कडक. त्या दिवशी कर्णिकबाईंनी साईनाथला आपल्या खोलीत नेलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी जांभळा चिखल, त्यात ठिपके, एका कडेला फिकट रेघा, भाताच्या खाचरांचे बांध असावेत तशा.

"हा मी?" साईनाथनं विचारलं.

"तुम्हीच."

त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. ओळख काही पटली नाही. बाईंनी रिपोर्ट बदलून दिला, कॅन्सर नाही, काढायची गरज नाही, गाठ हळूहळू आटेल, सहा महिने खेळायचं नाही. गजानं बाईंना हात जोडले. साईनाथनंही जोडले, कारण भावानं जोडले होते.

डोलवाडीत ही बातमी त्यांच्या आधी पोचली. चिंधीमावशीला जरा हुरहुर लागली म्हणतात. पायाचं काय करायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं.

परत येताना गजानं एकाकडून उसनी आणलेली गाडी जुन्या रस्त्यानं घेतली. लोधिवलीच्या पुढं एका टपरीपाशी थांबला, दोन चहा सांगितले, आणि मोकळ्या जागेकडे बघत म्हणाला,

"मागचा पाय अडकवून ठिवलास तू."

"काय?"

"पकड करताना. मागचा पाय मोकळा नाय ठिवलास, म्हनून मांडी उघडी पडली. म्हनून बसला गुडघा."

चहा आला. साईनाथनं ग्लास उचलला.

"वयच झालं रं तुजं," गजा म्हणाला. "पाय येळेवर फिरत नाय. म्हनून तर राखीव ठिवला. वाघ्या असता तर त्यानं बरोब्बर..."

"वाघ्या?" साईनाथनं चहाचा ग्लास बाकावर आपटला. अर्धा चहा सांडला. टपरीवाल्यानं वळून पाहिलं. "वाघ्याला घोटा कुठं असतो ते तरी ठावं हाय काय? आनि माजा मागचा पाय मोकळा व्हता. तू पायलंस का नीट? तो रेडर आडवा आला. आडवा!"

"मी शंभरदा पायलंय."

"शंभरदा पायलंस आनि आंधळ्यासारखं पायलंस. ऊठ. ऊठ, दाखवतो. ये चढाईला."

चव्वेचाळीस वर्षांचा सुपरवायझर पँटच्या घड्या वर करून, खडीवर तोंडानं कबड्डी कबड्डी पुटपुटत आत आला. साईनाथ निम्मा वाकला, सहा महिने खेळायचं नाही हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. त्यानं झेप घेतली, घोटा धरला, आणि मांडीतून अशी कळ गेली की तो तिथंच खडीवर बसला.

गजा खाली वाकला. "दुखलं?"

साईनाथच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घोटा अजून हातातच होता.

"दुखलं की," तो म्हणाला. "लय दुखलं."